आत्याच्या चंबूची विशिष्ट उष्णता

सतरा-अठराव्या वर्षी माणसाला कसलं ना कसलं खूळ लागतंच. माझ्या वर्गातल्या एकाला नाटकाचं लागलं होतं, दुसऱ्याला मिशांचं. मला विशिष्ट उष्णतेचं लागलं. हसा खुशाल. पण ते दिवस आठवले की अजूनही माझ्या पायात नाचरेपणा शिरतो, आणि या वयात तो बरा दिसत नाही म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो.

तंजावरहून मी रोज सकाळच्या गाडीनं कुंभकोणच्या कॉलेजात जायचो. एके दिवशी रसायनाच्या तासाला आमच्या शिक्षकांनी तीन गोळे आणले. एक तांब्याचा, एक कथलाचा, एक शिशाचा. तिघांचं वजन सारखं. तिन्ही उकळत्या पाण्यात चांगले तापवले आणि तीन पेल्यांतल्या थंड पाण्यात एकेक सोडला. गोळे सारखे तापलेले, वजन सारखं, पाणी सारखं, तेव्हा तिन्ही पेले सारखेच कोमट होणार अशी माझी पैज होती. छे! तांब्याच्या पेल्यात बोट घातलं तर चांगली ऊब, कथलाच्या पेल्यात त्याहून कमी, आणि शिशाचा पेला नावापुरता तापलेला. शिक्षक म्हणाले, प्रत्येक धातू आपापल्या ऐपतीप्रमाणे उष्णता धरतो. सबंध वस्तूची ती उष्माधारकता, आणि त्यातल्या एका ग्रॅमची ती विशिष्ट उष्णता. ज्याचे अणू जड त्याची ऐपत कमी, आणि अणुभाराला या आकड्यानं गुणलं तर बहुतेक सगळ्या धातूंचं उत्तर सहाच्या जरासं पुढंमागं येतं.

बहुतेक सगळ्या धातूंचं! तांबं काय, शिसं काय, साहेबाच्या टोपीवरचं बटण काय, सगळे एका हिशेबात. माझं डोकंच फिरलं. परतीच्या गाडीत मी लोकांच्या भांड्यांकडे टक लावून बसू लागलो. पापनाशमला एक बाई पितळी घागर घेऊन चढली, आणि मी मनात त्या घागरीला उकळत्या पाण्यात बुडवून बाहेर काढत होतो, तेवढ्यात तिनं घागर उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि शेजारणीला तमिळमध्ये म्हणाली, या पोराची नजर ठीक नाही. नजर अगदी ठीक होती. घागरीचा आकडा पाण्याच्या अकराव्या भागाच्या आसपास असावा एवढंच मी ठरवत होतो.

याच सुमारास घरात मात्र सुतकी चेहरे होते. आमचं घर तीन माणसांचं. एक अप्पा, म्हणजे माझे वडील; ते कलेक्टर कचेरीत होते. राजांच्या काळातले जुने मोडी कागद वाचायचे आणि त्यांचं इंग्रजी करून साहेबापुढे ठेवायचे, हे त्यांचं काम. दुसरी आत्या, अप्पांची मोठी बहीण. पोरवयात विधवा होऊन ती माहेरी आली, आणि सासरहून तिच्याबरोबर एकच वस्तू आली, कथलाचा चंबू. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आणि तिसरा मी.

या चंबूत आत्या सार करायची. आमच्याकडे कथलाच्या चंबूतल्या साराची चव दुसऱ्या कशाला येत नाही असं सगळेच मानतात, आणि ते खरंही आहे. चंबू बुटका, जाड, पोटाला एक पोचा. त्यात आधी पाणी घालायचं, मगच तो चुलीवर चढवायचा, कारण रिकामा ठेवला तर कथील वितळून चुलीत सांडतं. आत्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. चिंच, मिरी, वरून तुपातली फोडणी, आणि तो वास सोप्यापर्यंत आला की अप्पा कचेरीचा कोट न काढताच पाटावर बसायला निघायचे, आणि आत्या आतून ओरडायची, "कोट काढ रे आधी!"

तर झालं असं, की अप्पांचं पोट दुखू लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. आमचे एक लांबचे काका सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचे. पुड्या बांधता बांधता त्यांच्या अंगात अर्धा डॉक्टर संचारलेला होता. त्यांनी अप्पांची जीभ पाहिली, पोट दाबलं, काय काय खाता ते विचारलं आणि शेवटी चंबू मागवला. तो नखानं खरवडून कागदावर घासला. कागदावर करडी रेघ उठली.

"हे कथील नाही," काका म्हणाले. "यात शिसं आहे. मला तर अस्कं, सगळंच्या सगळं शिसंच दिसतंय. चिंचेच्या पाण्यात शिसं उतरतं, आणि शिसं म्हणजे वीख. अक्का, किती वर्षं घालत आहात हे याला?"

आत्यानं चंबू उचलला, घासला, पालथा घातला. त्या दिवसापासून सार बंद. आणि दोन दिवसांनी ती अप्पांना म्हणाली, "मी गुरुवारच्या गाडीनं कुंभकोणास जाते. तिथं मामांच्या घरी राहीन. जिनं भावाच्या ताटात वीख वाढलं तिनं त्याच्या चुलीपाशी उभं राहू नये."

अप्पांनी पुष्कळ समजावलं. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण आत्या म्हणजे आत्या. तिनं दोन लुगडी आणि जपाची माळ गाठोड्यात बांधून कोपऱ्यात ठेवली. मी शाळेतून आलो की दारात उभी असणारी, परीक्षेच्या दिवशी दही भरवणारी ही बाई गुरुवारी जाणार, आणि तीही स्वतःला खुनी समजून. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. कथील आणि शिसं! त्या दोघांची विशिष्ट उष्णता! आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक! चंबू काय आहे ते काकांच्या नखाला कसलं विचारता, मला विचारा!

आता कुणी शहाणा म्हणेल, की चंबू पाण्यात बुडवून त्याची घनता काढली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. लागला असता. पण घनता हा मागच्या वर्षीचा धडा होता, आणि माझं प्रेम चालू धड्यावर होतं.

कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून मी रीतसर विचारून उष्णतामापक मागून आणला. काचेची ती लांब नळी गाडीत फुटू नये म्हणून मिटलेल्या छत्रीत उभी घातली, आणि कुंभकोणपासून तंजावरपर्यंत छत्री तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरून बसलो. पापनाशमला सर आली तर डब्याच्या खिडकीशी बसलेले म्हातारे म्हणाले, अरे छत्री उघड की. मी म्हटलं, ही उघडायची छत्री नाही. त्यांनी आपली बैठक बदलली.

रविवारी सकाळी मी घरात प्रयोगाची घोषणा केली. आत्याला हिशेब समजावून सांगितला. चंबूच्या वजनाएवढंच पाणी घ्यायचं. चंबू उकळत्या पाण्यात तापवायचा आणि या थंड पाण्यात सोडायचा. वजनं सारखी असली की आकडेमोड म्हणजे पोरखेळ: पाणी किती अंश चढलं त्याला चंबू किती अंश उतरला त्यानं भागायचं. चंबू शंभरावरून सत्तरएक अंश उतरणार. चंबू कथलाचा असेल तर पाणी चार अंशांच्या जवळपास चढेल, शिशाचा असेल तर दोनाच्या. बस्स!

"म्हणजे चार आले तर मी वीख घातलं नाही," आत्या म्हणाली.

"नाही घातलंस."

"आणि दोन आले तर घातलं."

मी म्हटलं, दोन यायचेच नाहीत. ती म्हणाली, "बरं. कर."

पण करायचं कसं? आत्याचं स्वयंपाकघर म्हणजे सोवळ्याचा किल्ला. सोवळ्याला आमच्याकडे मडी म्हणतात, आणि आत्याच्या मडीपुढे कलेक्टरसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबला असता. मी कॉलेजात जाणारा, गाडीत कुणाकुणाला चिकटून बसणारा. माझी आत जायची सोयच नव्हती. चंबू मडीचा, तो ज्यात सोडायचा ते पाणीही मडीचं असलं पाहिजे, आणि माझ्या प्रयोगाला ती आपली चूल देणार नव्हती. शेवटी तह झाला. पाणी उकळायचं परसातल्या न्हाणीच्या चुलीवर, तिथं मी जाळ घालायचा. चंबूला काथ्याची दोरी बांधून तो त्या पाण्यात सोडायचा. थंड पाण्याचं तपेलं स्वयंपाकघरात, पण माजघराच्या उंबऱ्याला लागून आतल्या अंगाला. चंबू वजन केलेल्या पाण्यात आत्यानं सांडशीनं आणून सोडायचा, आणि मी उंबऱ्याबाहेर पालथा पडून तपेल्यातला उष्णतामापक वाचायचा. त्या नळीला आत्यानं लांबूनच तीनदा पाणी घातलं आणि काच आहे म्हणून चालवून घेतली.

तराजूत चंबूच्या बरोबरीनं पाणी तोललं. तपेलं स्वतः जी उष्णता खाईल तिचा वाटा मी वेगळा मांडून ठेवला. पाणी खळखळा उकळू लागलं. मी धावत माजघरात आलो, पालथा पडलो, थंड पाण्याचा अंश वाचला, सत्तावीस, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "आण!"

परसाकडच्या दारातून आत्याची पावलं ऐकू आली. स्वयंपाकघरात धूर होता आणि माझे डोळे पाऱ्याला चिकटलेले. चंबू तपेल्यात बुडाला. पारा हलला. अठ्ठावीस. एकोणतीस. एकोणतीसच्या किंचित वर जाऊन थांबला तो थांबलाच.

दोन अंश आणि वर चिमूटभर.

शास्त्रात एकदा काही धरत नाहीत. मी पुन्हा सगळं मांडलं. नवं पाणी, पुन्हा तोललेलं. "आण!" पारा पुन्हा एकोणतीसच्या किंचित वर. तिसऱ्यांदा. पुन्हा तिथंच! केसाचाही फरक नाही! अहो, कॉलेजात आम्हा चाळीस जणांना एकदाही दोन उत्तरं सारखी आली नव्हती, आणि इथं माझ्या माजघरात, न्हाणीच्या चुलीवर, तीन वेळा तोच आकडा! मला आनंदाचं भरतं आलं. मी उठून उभा राहिलो, पाटीवर भागाकार केला, उत्तर आलं बरोबर पुस्तकात छापलेलं, आणि मी दोन्ही हात वर करून माजघरात उड्या मारू लागलो, "शिसं! शिसं! चोख शिसं!"

दुसरी उडी उतरताना माझ्या ध्यानात आलं मी काय बोललो ते.

आत्या सांडशी हातात धरून उभी होती. सोप्यावर अप्पा पाठमोरे बसले होते, ते वळले नाहीत. आत्या म्हणाली, "बरं जालं. कळलं तरी." आणि ती आत जाऊन भाजी चिरू लागली. त्या दिवशीच्या भाजीत मीठ नव्हतं, आणि आम्ही तिघांनी ती पानात न टाकता खाल्ली.

सोमवारी मी कॉलेजात गेलो नाही. परसात न्हाणीच्या चुलीपाशी बसून कालच्या सांडशीनं निखारे उगाच इकडचे तिकडे करत होतो. विशिष्ट उष्णतेचा मला मनापासून राग आला होता. इतका राग मला त्यानंतर कुणाचा आला नाही, बायकोचासुद्धा नाही. तेवढ्यात आत्यानं आतून हाक मारली, "अरे, सांडशी दे. दूध उतू जाईल."

सांडशी निखाऱ्यात तापून लाल व्हायला आली होती. मी ती लाकडी दांड्यानं उचलून परसाच्या पायरीवर ठेवली. आत्या आली. तिनं हातातला गडू कलंडवला आणि सांडशीवर पाणी ओतलं. चर्रर्र! वाफेचा लोट उठला. मग तिनं सांडशी उचलली आणि आत गेली.

मी बसल्या जागी गार झालो. मग गरम झालो. मग धावलो.

"आत्या! आत्या! काल चंबू आत आणताना त्याच्यावर पाणी घातलंस काय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिला, तू श्वास घेतेस काय, असं विचारलं होतं. "मग? तुझ्या त्या ओवळ्या पाण्यातून आलेला. धुतल्याशिवाय आत कसा घेऊ?"

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"किती पाणी?"

"गडूभर. दरवेळी मोरीपाशी काठोकाठ भरून ठेवला होता, अर्ध्या गडूनं सगळा चंबू धुऊन होत नाही."

दरवेळी भरून! म्हणून तिन्ही उत्तरं तंतोतंत सारखी! अहो, चंबूत होती तेवढी उष्णता आमच्या आत्यानं निम्मीशिम्मी मोरीत ओतली होती, आणि राहिलेली आणून माझ्या तपेल्यात सोडली होती. कथलाला धुऊन धुऊन तिनं शिशाच्या पंक्तीला नेऊन बसवलं होतं. स्वतःच्या हातानं. मडीनं. मला इतकं हसू आलं की मी मोरीपाशीच बसलो, आणि हसता हसता रडू लागलो, आणि आत्या म्हणाली, "तुज खूळ लागलंय काय रे?"

मी तिला समजावलं. पहिल्यांदा तिला पटेना. पाणी घातलं म्हणजे स्वच्छ होतं, त्यात कथलाचं शिसं कसं होईल? मग मी म्हटलं, तापल्या तव्यावर पाण्याचा हात मारलास तर डोसा कसा येतो? तवा थंड होतो हे तिला माझ्या शिक्षकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"तर आत्या, पुन्हा करू. पण या वेळी धुवायचं नाही. थेट आणून सोडायचा."

"नको."

"नको म्हणजे?"

"ओवळ्या पाण्यातला चंबू तसाच मडीच्या पाण्यात सोडू? नको बाबा. खुनी म्हण, चालेल."

म्हणजे पाहा! भावाच्या खुनाचा ठपका घेऊन ही बाई गुरुवारी गाडीत बसायला तयार, पण एक चंबू न धुता उंबऱ्याआत घ्यायला तयार नाही. मी ओरडलो, पाय आपटले, तिच्या पाया पडलो. शेवटी दमून म्हणालो, "मग असं कर. पाणी तुझ्या चुलीवर उकळव. मडीचं पाणी, मडीची चूल, मडीचा चंबू. कुठंच ओवळं नाही, तर धुवायचं कशाला?"

"आणि वाचणार कोण? मज तो पारा कळत नाही."

"मी मडी होतो."

आत्यानं मला नखशिखांत न्याहाळलं. मुंज झाल्यावरसुद्धा मी मडीत कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या मनात काय काय गेलं असेल ते तिलाच माहीत. पण तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा, जरासं काही हललं. "डोक्यावरून आंघोळ," ती म्हणाली. "आणि ओलं नेसून. आणि ती काच तशीच यायची नाही. तिला किती जणांचे हात लागले असतील."

मंगळवारी सकाळी मी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं, ओला पंचा नेसलो आणि दात वाजवत उभा राहिलो. उष्णतामापकाला आधी गोमूत्रात आंघोळ, मग विहिरीच्या पाण्यात, मग तुळशीपुढे. गोमूत्राचं तापमान अठ्ठावीस अंश होतं. मी सवयीनं वाचलं, आणि आत्यानं मला गप्प राहायला सांगितलं.

अप्पांनी दवाखान्याच्या वाटेवरून काकांना थांबवून आणलं होतं. काका माजघरात बसले, अप्पा कचेरीच्या कोटात उंबऱ्याशी उभे. आणि मी आत! आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या चुलीपाशी, ओल्या केसांनी, काचेची नळी हातात घेऊन. एखाद्या पुजाऱ्याला गाभाऱ्यात वाटत असेल ते मला वाटत होतं, फक्त थंडी जास्त.

पाणी उकळलं. चंबू त्यात डुंबत होता. तपेल्यातलं पाणी सत्तावीस. मी दोरी धरून चंबू वर उचलला, उपडा करून एक झटका दिला, त्यातलं पाणी निथळलं, आणि हाताच्या अंतरावर ठेवलेल्या तपेल्यात तो सोडला. आत्याचा हात सवयीनं गडूकडे गेला होता. तिनं तो मागे घेतला आणि पदरात गुंडाळून घेतला.

"अठ्ठावीस," मी म्हटलं. "एकोणतीस."

परवा इथंच थांबला होता. आत्यानं डोळे मिटले.

"साडेएकोणतीस. तीस. तीस! तीस ओलांडलं! अय्यो, चढतोय, अजून चढतोय! साडेतीस! आत्या, एकतिसाच्या जवळ आला!" पारा एकतिसाच्या जरा खाली थांबला. मी पाटी मागितली, मडीत पाटी चालणार नाही असं आत्यानं सांगितलं, म्हणून भिंतीवर ओल्या बोटानं भागाकार केला. अडतीस भागिले सहाशे ब्याण्णव. शून्य दशांश शून्य पाच पाच. तपेल्याचा वाटा मिळवला तर किंचित वर. कथील! बावनकशी कथील! मी तिथंच चुलीपुढे नाचू लागलो. ओला पंचा सुटायला आला आणि अप्पा उंबऱ्यावरून ओरडले, "अरे, धर तो!"

आत्यानं पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा एकतिसाच्या जरा खाली. तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे मी नाही घातलं?"

"नाही आत्या."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला तिला मिठी मारायची होती. मडीत मिठीचं काय ते मला माहीत नव्हतं म्हणून मी हात जोडले.

काकांना मात्र हे रुचलं नव्हतं. त्यांनी दोनतीन शंका काढल्या, मी त्या उडवल्या, मग ते उठून उपरणं झटकत म्हणाले, "कथील तर कथील. पण मग याचं पोट कशानं दुखतं?"

खरंच की! हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चंबू सुटला, पण पोट दुखायचं थांबलं नव्हतं. आम्ही तिघांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा कोटाचं वरचं बटण लावू लागले. ते लावलेलंच होतं.

"अप्पा?" मी म्हटलं.

"कचेरीसमोर," अप्पा म्हणाले, "एक कॉफी क्लब निघालाय."

"बरं?"

"तिथं बोंडे करतात. कांद्याचे." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की काका पुढे वाकले. "मी रोज संध्याकाळी खातो. तीन-चार. कधी पाच."

काका म्हणाले, "त्या तेलात? ते तेल कधी बदलत नाहीत!" आणि ते इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. मीही हसलो. अप्पा, मोडी कागदांचे पंडित, साहेब ज्यांना विचारल्याशिवाय राजांच्या जमिनीबद्दल एक ओळ लिहीत नाही, ते कॉफी क्लबच्या बाकावर तोंडात गरम बोंडा घेऊन फू फू करत बसलेले! मला हसू आवरेना.

आत्या हसत नव्हती. आमचंही हसू हळूहळू ओसरलं.

"तुज ठाऊक होतं," ती म्हणाली.

"संशय होता, अक्का."

"मी गाठोडं बांधलं ते तू पाहिलंस. आणि तोंड उघडलं नाहीस?"

"लाज वाटली," अप्पा म्हणाले. "बाहेरचं, त्यात कांदा. तुज काय सांगू?"

"आणि मी गेले असते तर?"

"गाडी सुटायच्या आत सांगितलं असतं."

"आणि नसतं सांगता आलं?"

अप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. ते खोटं बोलू शकले असते, पण बोलले नाहीत. "तर तुझ्या मागोमाग दुसऱ्या गाडीनं आलो असतो. पापनाशमपर्यंत तरी धीर आला असता."

आता आत्या काय करणार हे मला कळेना. तिचा राग मी पाहिलेला होता. कांद्याच्या पानावरून तिनं एकदा सगळी भांडी राखेनं दोनदा घासली होती. आणि आता हा कोटातला माणूस, कचेरीचा, क्लबाचा, बोंड्याच्या तेलाचा, तिच्या उंबऱ्याला पाय लावून उभा.

ती चुलीपासून निघाली. ओलं मडीचं लुगडं नेसलेली, पहाटेपासून कुणाला न शिवलेली आत्या उंबरा ओलांडून माजघरात आली, अप्पांच्या अगदी पुढ्यात उभी राहिली, आणि लहान पोराचं पाहावं तसं तिनं त्यांच्या कोटावरून पोटावर आपला तळहात ठेवला.

"अजून दुखतंय काय रे?"

अप्पांनी मान हलवली. नाही म्हणाले की हो, ते मला दिसलं नाही. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि चेहरा खाली घातला होता. तिनंही तो सोडवून घेतला नाही. मग ती पुन्हा विहिरीवर गेली, डोक्यावरून आंघोळ केली, पुन्हा ओलं नेसली आणि सगळा स्वयंपाक पहिल्यापासून केला. अप्पांना कचेरीत उशीर झाला, मला जेवायला दुपार कलली, आणि सार झालं होतं.